आयती तपासणी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत थोरली कॉम्प्युटरवर बसायची आणि तिचा धाकटा भाऊ फिटर होता. एकीच्या हाताला शाई लागत नसे, दुसऱ्याच्या हाताचं ग्रीस निघत नसे. पण अंगचोरपणा दोघांच्याही रक्तात नव्हता.

कंपनीचा प्रोग्रॅम थोरलीने रेल्स नावाच्या संगणक-प्रणालीत लिहिलेला. त्यात झालेल्या कामाचं एक मॉडेल, म्हणजे नोंदीचा साचा, नव्या कामाचं दुसरं. नवं काम निघालं की जुन्यातली माहिती त्यात आपोआप भरायची. काय भरायचं ते तिने नाव घेऊन सांगितलं होतं: पत्ता घे, वजनाची मर्यादा घे, दोराची जाडी घे. बाकी कोरं ठेव.

"तांदळातले खडे निवडतेस का?" साहेब म्हणाले. ती रजेवर गेली तशी त्यांनी तिची मेहनत पुसली आणि एका ओळीत जुन्यातलं सगळंच नव्यात ओतलं.

सगळं म्हणजे सगळं. 'ब्रेक तपासला' ही खूण, आणि तिच्याखाली धाकट्याचं नावसुद्धा.

खूण दिसली म्हणून एका इमारतीत कुणाला पाठवलंच नाही. लिफ्ट अर्धा मजला घसरली. माणसं वाचली. साहेबांनी धाकट्याला घरी बसवलं.

थोरली परतली तेव्हा तो धुमसत होता. "ताई, त्या इमारतीत मी वर्षभर पाऊल टाकलं नाही. चूक केली असती तर मुकाट्याने ऐकलं असतं. पण न केलेल्या कामावर माझं नाव?"

थोरलीने त्याला हाताला धरून कंपनीत आणलं, बाहेर बाकावर बसवलं आणि ती केबिनमध्ये शिरली.

"साहेब, आपल्या ह्याच इमारतीतल्या लिफ्टचं नवं काम काढा. गेल्या वर्षी तिचं काम धाकट्यानेच केलं होतं. बटण तुम्हीच दाबा."

साहेबांनी दाबलं. काम जन्मलं ते दात घेऊनच: ब्रेक तपासला. खाली धाकट्याचं नाव.

"कधी तपासला हो त्याने? तो तर बाकावर बसलाय."

साहेब चष्मा पुसू लागले. "अगं, वेळ वाचावा म्हणून..."

"कुणाचा वेळ? दोराची जाडी तीच राहते, ती खुशाल उचला. तपासणी माणसाने दर वेळी घाम गाळून करायची असते. ती वारसाहक्काने येत नाही."

"बरं, बरं. उद्यापासून येऊ दे त्याला."

"आजपासून. आणि चूक कुणाची ते सगळ्या फिटरांसमोर सांगा."

सांगितलं त्यांनी, पण तोंडातल्या तोंडात. "मागे ऐकू आलं नाही," थोरली म्हणाली. दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

मग तिने ती ओळ खोडली आणि काय उचलायचं ते एकेक नाव घेऊन पुन्हा लिहायला बसली. धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन गच्चीवर गेला, ह्याच लिफ्टचा ब्रेक बघायला.

त्याचं होईपर्यंत थांबायचा साहेबांना धीर नव्हता. ते जिन्याने उतरले.