धाकलूच्या समाचाराला

कडावच्या भागूबाईचा नवरा धाकलू सेहेचाळीस साली पाठीवर पडला आणि कमरेखाली लाकूड झाला. लाकूडही साधंसुधं नव्हे, चांगलं सागाचं. भागूबाई उभ्या धाकलूच्या कशीबशी खांद्याला लागायची.

कर्जतचे हेमचंद्र डॉक्टर पाठीचा कणा मोडलेल्या माणसांची वही ठेवत. कर्जत-खालापुरात अशी माणसं किती, कशी पडली, त्यांचं कोण करतं, कोण किती जगतं, हे सगळं ते सायकलवरून हिंडून लिहून घेत. त्यांनी भागूबाईला स्पष्टच सांगितलं, की कण्यातली दोरी तुटली आहे, ती जुळायची नाही. पण माणूस त्याने जात नाही. एकाच अंगावर पडून पाठ चिघळते, त्याने जातो. वहीतल्या अकरांपैकी सात असेच गेले होते. तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर कोरडी ठेवायची, आणि कुठे लाल दिसलं तर त्या अंगावर निजवायचं नाही.

भागूबाईकडे घड्याळ नव्हतं आणि तेवढं बळही नव्हतं. पण समाचाराला येणाऱ्यांची रीघ होती. माणसं येत, उसासे टाकत, असाच पडलेला कोण किती दिवसांत गेला ते धाकलूच्या तोंडावर सांगत आणि चहा पिऊन जात. तिने नियम केला. आधी धाकलूची कूस, मग चहा. आलेल्याने पाय धरायचे, तिने खांदे.

नियम झाला आणि माणसांची माया आटली. दोन महिन्यांत कोणी फिरकेना. रात्री शेजारचा दीर उठून येई, पण दिवसा ती एकटी. तिच्याच कमरेत उसण भरली आणि एके दिवशी धाकलूच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला.

तारलं ते धाकलूच्या जिभेने. धाकलू पडला होता पेंढ्याच्या उंच रचलेल्या उडवीवरून. दुपारचा वर जाऊन झोपला आणि झोपेत घरंगळला, एवढंच. पण यात सांगण्यासारखं काय? म्हणून चुकूनमाकून गावातला पोशा आला, तेव्हा त्याने मध्ये बिबट्या घातला. पोशाने ते नवशाला सांगितलं. नवशा खात्री करायला आला, तर त्याला चिंचेवरचा मुंजा ऐकायला मिळाला. दोघांची चावडीवर जुंपली. निवाडा करायला आणखी चार जण आले. चार वेळा कूस बदलली आणि चौघे चार नवी कारणं घेऊन परत गेले.

भागूबाईने नवऱ्याला खोटं बोलतो म्हणून चांगलं झापलं. पण आठ-दहा दिवसांत डाग फिकटला, तेव्हा ती जवळ येऊन बसली.

"कुनाला काय सांगितलं ते मला सांगून ठेवा. नायतर माझ्या तोंडातून भलतंच जायचं."

"उद्या सकाळी कोन येनार हाय?"

"पोशा."

"मंग बिबट्याला पिल्लं होती."

वर्षभराने डॉक्टर वही घेऊन आले. मागच्या खेपेला लिहायचं राहिलेलं धाकलूच्या पडण्याचं कारण आधी त्यांनी चावडीवर विचारलं. घरी पोचेपर्यंत वहीत बिबट्या, मुंजा, उधळलेला बैल आणि लष्कराची लॉरी अशी चार कारणं लिहून खोडलेली होती. घरात पोशा आणि नवशा बसलेच होते. वैतागून डॉक्टर म्हणाले, की कारणच लागत नसेल तर हे नाव वहीतून काढावं लागेल. आता खरं काय ते सांगा.

पोशा आणि नवशा पुढे सरकले. भागूबाई लगबगीने धाकलूच्या खांद्यांपाशी गेली. पेंढ्याची गोष्ट ऐकायला उद्यापासून कोण येणार होतं?

"डाक्तरसाहेब, आधी पाठ बघा. कूस बदलायची येळ झालीच हाय. पाय धरा."

डॉक्टरांनी पाय धरले. पाठ स्वच्छ होती. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोणतं तेल लावता, विचारलं. भागूबाई त्यांना चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच सगळं सांगितलं, झोपेसकट.

डॉक्टरांनी बराच वेळ लिहिलं. मग बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कारणाचा निकाल लागत नाही. तुम्ही रोज येऊन विचारत राहा."

नवशा म्हणाला, मी तर आधीपास्नं तेच सांगतोय.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर खालापूरला आनंदीबाईकडे गेले. तिचाही नवरा तसाच पडून होता, पण भारी अबोल. तिथे डॉक्टरांनी जाताना स्वतःच पडण्याची दोन कारणं सुचवली. त्यांतलं एक, म्हणतात, बरंच चांगलं होतं.