नऊ पत्रं आणि बेपत्ता मुलगा

सर्व वाचकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, माझ्या सेवाकाळातल्या सर्वांत भयंकर गुन्ह्याची हकीकत खाली देत आहे. यात शस्त्र नाही, रक्त नाही, एक लॅपटॉप आहे. हसू आलं तर हसा. त्या दुपारी आमचा ठाणे अंमलदारही हसला होता. नंतर हसला नाही.

मी तेव्हा बोईसर भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. साठीची एक मावशी आली. तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या गावातली, बोंबील सुकवून बाजारात विकणारी, नवरा वारलेला. लेकरू कडेवर घ्यावं तसा लॅपटॉप घेतलेला.

"सायेब, पोरगा हरवला माजा. लिवून घ्या."

पोरगा एकतीस वर्षांचा, मालवाहू जहाजावर नोकरीला. भर समुद्रात फोन लागत नाही, मेल तेवढा करता येतो. मोबाईलची बारीक अक्षरं मावशीला दिसेनात, म्हणून तिनं बोईसरच्या दुकानातून आयुष्यातला पहिला लॅपटॉप घेतला. दुकानदार पातळ, चकचकीत दाखवत होता. हिनं पापलेट पारखावं तसा एकेक हातात तोलला आणि त्याला सुनावलं, "रूप नको सांगू, जावय नाय बघायचा मला. मोटं अक्षर कशात दिसंल, तो दे."

मेल बघायला शिकवताना दुकानदारानं एकच धडा दिला: जाड अक्षरांत दिसेल ते नवं पत्र, तेच उघडायचं. गेले दोन महिने जाड अक्षर दिसलंच नव्हतं.

बेपत्ता नोंद घेण्यापूर्वी मी लॅपटॉप उघडायला लावला. पोराची नऊ पत्रं तिथंच पडलेली, सगळी साध्या अक्षरांत. म्हणजे कोणीतरी आधीच उघडून वाचलेली. शेवटचं मी मोठ्यानं वाचलं: "आई, एका ओळीचंही उत्तर नाही. तुला मी नकोसा झालो असेन तर यंदा सुट्टीत घरी येत नाही. मित्राकडे राहीन."

अंमलदाराचं हसणं इथं थांबलं.

"पासवर्ड कोणाला सांगितलात?"

"कोनाला नाय."

"ठेवलाय काय?"

"आमच्या बोटीचं नाव आन नंबर. इसरू नये म्हनून."

ती बोट गावच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. नाव आणि नंबर दोन्ही बाजूंना, वीतभर उंचीच्या अक्षरांत, दर वर्षी नव्या ऑइलपेंटनं रंगवलेले. मावशी विसरणार नव्हती हे खरं; गावही विसरणार नव्हतं.

मेलच्या खात्यात कुठून कुठून प्रवेश झाला याची यादी निघते. त्यात बोईसरचा एक संगणक होता, वेळ नेहमी सकाळी अकराची. बीट हवालदारानं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतून विचारणा केली. तिसऱ्या दिवशी एका दुकानवाल्या बाईंचा फोन आला. "साहेब, एक आजोबा येतात. फॉर्म-बिर्म काही नाही. कोपऱ्यात बसून वाचतात, डोळे पुसतात आणि जातात."

दुसऱ्या दिवशी आजोबांना आणलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. कोणाच्या भेटीला निघावं तसे. हा मावशीच्या शेजारचा तांडेल. तिच्या नवऱ्याची बोट यानं वीस वर्षं चालवली होती. दुकानात मेलचं खातं उघडलं तेव्हा हा शेजारीच उभा होता; लॅपटॉपचा खोकाही यानंच मांडीवर घेऊन आणला होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही.

आधी म्हणाला, हवामान बघायला जातो. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. एकट्या माणसाला पोलीस ठाण्यातली शांतता फार वेळ सोसत नाही. घरी पुष्कळ असते.

"चोरायचं नवतं सायेब. पोरगा माज्या बोटीवर वाडला. मला कोन लिवनार? त्याचं वाचलं की दिवस जातो."

"मग मावशीला का नाही सांगितलं?"

"ती पन वाचत असंल ना? रोज सांजच्याला ओट्यावर बसायचो. आज बोलंल, उद्या बोलंल. ती गपच."

दोन घरं, मध्ये एक भिंत. दोन्हीकडे एकाच पोराची वाट बघणं चालू.

त्याच दुपारी मावशीला समोर बसवून मी बाकीच्या संगणकांवरून तिचं खातं बंद केलं. नवा पासवर्ड घेतला. त्यात बोट नाही, नवरा नाही, देव नाही. नव्या जागेहून कोणी शिरू लागलं तर तिच्या मोबाईलवर कोड यावा, अशी सोय केली. पोराला उत्तरही ठाण्याच्या टेबलावरूनच गेलं. चार दिवसांनी जाड अक्षर उमटलं: येतो.

संध्याकाळी क्वार्टरवर जाऊन मी स्वतःचा पासवर्ड गुपचूप बदलला. तो माझा शिपाई असतानाचा बक्कल नंबर होता, अकरा वर्षं छातीवर लावून हिंडलेला. मुलीच्या शिक्षणासाठी बायको आणि ती नाशिकला. म्हटलं, आपलीही यादी बघू. वरपासून खालपर्यंत मीच. माझं पत्र चोरून वाचावं, असंही कोणी नव्हतं. कुलूप पक्कं हवंच; पण आत कोणी हाक मारणारं आहे का, हेही अधूनमधून बघावं, एवढं त्या प्रकरणानं मला शिकवलं.

मावशी आणि तांडेल समोरासमोर आले, ते मात्र सांगायचं राहिलं. दुसऱ्याची पत्रं अशी वाचणं गुन्हा आहे, तक्रार देणार का, असं मी तिला विचारलं. ती माझ्याकडे बघेचना. तांडेल मान खाली घालून उभा. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून ती म्हणाली,

"मेल्या, चार ओळी वाचायला माजी सकाळ जाते. चोरून वाचलंस ते वाचलंस, मला वाचून दाकवायला तुजं तोंड काय दर्यात पडलं व्हतं?"