वीतभर उठून थांबणं

आधी पावलं हलवायची, मग खुर्चीच्या कडेला सरकायचं, दोन्ही तळवे तिच्या हातांवर टेकायचे, वीतभर उठायचं आणि तिथंच थांबायचं. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत पुटपुट. "थोडं उचल. थांब. आता वर." तुमच्या गल्लीतही असा एखादा म्हातारा असेल. बघा कधी.

हुडको कॉलनीत माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. फुटपाथवर स्टुलं विकत विकत मी ते उभं केलं. भावात मला कोणी हरवत नाही. आमच्या गल्लीतले तसे म्हातारे म्हणजे काका; पहिल्यांदा आले ते सागवानी खुर्ची बघायला. बसले, भाव विचारला. मी सांगितला. ते वीतभर उठले. गिऱ्हाईक उठू लागलं की ते चाललं, असं आमच्या धंद्यात धरतात. मी भाव उतरवला. ते तसेच अधांतरी. मी चिडून आणखी उतरवला. मग ते पुरते उभे राहिले.

"मी तं नुसता उभा होऊन राहिलो होतो, शेटजी. पण आता तुमी बोलले तं बोलले."

त्याच भावात ते खुर्ची घेऊन गेले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे ते रोज संध्याकाळी येऊन बसू लागले, तेव्हा कळलं. हृदयाचं दुखणं, त्यावरच्या गोळ्या. झटकन उठलं की रक्त पायांतच राहायचं, बीपी खाली जायचं, डोळ्यांपुढे अंधार. जन्मभर त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. "लोड पयले वीतभर उचलाचा. थांबाचं, ब्रेक धरते का पाहाचं. मंग वर," ते म्हणायचे. "आता लोड मीच आहो."

काकू गेल्यापासून ते एकटेच राहत. एकदा स्वयंपाकघरात पडले, तेव्हा पुण्याच्या मुलानं बजावलं होतं की पुन्हा पडलात तर घर बंद, माझ्याकडे यायचं.

दिवेलागणीला प्लांटकडचं आभाळ तांबूस व्हायचं. रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी त्या उजेडात तरंगल्यासारख्या दिसायच्या, आणि त्यांच्यामध्ये काका, ना बसलेले ना उभे. समोर गिऱ्हाईक असलं तरी तेवढा वेळ मी भाव थांबवायचो.

गणपतीत मुलगा आला. मंडळाच्या आरतीला काका नेहमी बसूनच टाळ्या वाजवत. त्या दिवशी झांज वाजली आणि मुलाशेजारी ते सगळ्यांबरोबर ताडकन उठले. आपण धड आहोत हे त्याला दाखवायचं होतं. मग त्यांचा हात हवेत खुर्चीचा हात शोधू लागला. मी मागून धरलं, तरी ते खाली गेलेच. मुलानं पाहिलं.

मी त्याच्याशी घासाघीस केली. रोज सकाळी मी येतो. न्हाणीत धरायला दांडे बसवतो. दिवसभराची बाई ठेवू. तो हळूच म्हणाला, "अंकल, ये सौदा नहीं है." त्याचे डोळे भरले होते, म्हणून मला जास्तच संताप आला.

जायच्या दिवशी काका खुर्ची परत घेऊन आले. "तिकडं जागा नाही म्हणते पोरगा. ठेवा तुमच्याजवळ." एकदा तिच्यात बसले. बाहेर ऑटो उभा होता. ते वीतभर उठले आणि थांबले. तेवढ्या वेळात, ते इथंच राहावेत म्हणून, मी मनातल्या मनात जे जे सोडता येईल ते सोडत गेलो, शेवटी दुकानही. मग ते उभे राहिले आणि ऑटोकडे निघाले.

खुर्ची दाराशीच आहे. कोणी विचारलं तर मी काकांना सांगितलेला तो पहिलाच भाव सांगतो. गिऱ्हाईक उठतं. मी बघत राहतो. मध्ये कोणी थांबत नाही.