बिटाचं पाणी आणि आरमारी परीक्षा

नापास झालेला माणूस परीक्षकाचा चेहरा विसरत नाही म्हणतात. मला तर विसरायची सोयच नव्हती. माझा परीक्षक दर गणपतीला इथे कॅनडात, कनाटाच्या कम्युनिटी हॉलमध्ये ताट घेऊन मोदकाच्या रांगेत उभा असायचा. "वा वहिनी, मोदक एकदम बेस्ट!" असं म्हणायचा आणि दुसरा मागून घ्यायचा.

वहिनी. नागपूरला मी सर्जन होते. पोटं उघडली, आतडी जोडली, अपघातात चिरडलेले पाय वाचवले, वाचले नाहीत ते कापले. नवऱ्याला इथल्या टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो आणि मी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांची वहिनी झाले. तो परीक्षक मात्र सगळ्यांचा डॉक्टर. मंडळाच्या स्टेजवर "आपले डॉक्टर" म्हटलं की दुसरं कोणी उठत नसे.

इथल्या हॉस्पिटलात जागा मिळावी म्हणून मी इंटरव्ह्यू दिला, तेव्हा पॅनलच्या मधल्या खुर्चीत तोच होता. आदल्याच रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये बसून माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. पण तिथे तो मराठी विसरला. माझं आडनाव गोऱ्यांसारखं वाकडं करून उच्चारलं. मग पेन टेबलावर आपटत विचारलं, "इंडिया इज फाइन, बट एनी रीसेंट प्रॅक्टिस? इन कॅनडा?" परवान्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही आणि प्रॅक्टिसशिवाय परवाना मिळत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी विचारलं. मी नापास झाले. प्रश्नाचं मी समजू शकते. आडनावाचं कधीच माफ करणार नाही.

पुढे मी शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात गाइड म्हणून लागले. एकोणिसाव्या शतकातल्या जहाजावरच्या सर्जनची खोली तिथे उभी केली होती आणि ती माझ्या वाट्याला आली. मन लावून वाचलं सगळं. त्या काळी इंग्रजांच्या आरमारात सर्जन व्हायचं तर आधी कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायची, शवविच्छेदनाच्या तासांना बसायचं, मग लंडनला जाऊन म्हाताऱ्या सर्जनांच्या टेबलासमोर उभं राहायचं. ते बसून विचारणार, याने उभ्याने उत्तरं द्यायची. मांडीत गोळी घुसली तर काय कराल? पाय कुठून कापाल? ओळखपाळख असली तर प्रश्न सोपे. पास झाला तरी असिस्टंट सर्जनला बरीच वर्षं अधिकाऱ्यांच्या टेबलावर जागा नव्हती. शिकलासवरलेला माणूस खाली, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या पंगतीत जेवायचा. हे वाचलं त्या दिवशी मी डबा न खाताच परत आणला.

ती तोंडी परीक्षा लोकांपुढे करून दाखवायची कल्पना माझीच. मी काळा कोट घालून परीक्षक व्हायचे आणि गर्दीतला कोणीतरी उमेदवार. टेबलावर कॅनव्हासचा शिवलेला पाय. त्यात रबरी नळी, नळीत लाल पाणी, आणि ते वाहतं ठेवायला टेबलाखाली माझ्या बुटाशी एक फुगा. मांडीवर पट्टा चढवून स्क्रू पिळला की नळी दाबली जाते. लोक हसत, पोरं किंचाळत, आणि मी सगळ्यांना पास करत असे.

फेब्रुवारीत मंडळाची सहल आमच्या संग्रहालयात येणार असं ठरलं. मार्चमध्ये माझा दुसरा इंटरव्ह्यू होता. दुसऱ्यांदा नाही जमलं तर तिसऱ्यांदा बोलवत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आला तेव्हा दारातच तो म्हणाला होता, "मार्चमध्ये मीच आहे पॅनलवर, वहिनी. बघू काय करता येतं." ते "बघू" मी विसरले नाही.

एरवी मी पाण्यात धुतला जाणारा रंग घालायचे. सहलीच्या दिवशी पहाटे उठून बीट किसलं. खोटं कशाला बोलू? तो क्रीम रंगाचा लोकरी स्वेटर घालून येतो, हे मला माहीत होतं.

झालंही तसंच. उमेदवार कोण होणार विचारल्यावर अख्खं मंडळ ओरडलं, "डॉक्टर! डॉक्टर!" तो हसत, हात जोडत पुढे आला. नवरा कोपऱ्यातून मला डोळ्यांनी खुणावत होता, पास करून टाक. आमची लेक फोन वर धरून व्हिडिओ काढत होती. मलाही क्षणभर वाटलं, करावं पास. टाळ्या पडतील, मार्च सोपा जाईल. मग तो म्हणाला, "वहिनी, सोपं विचारा हं!"

"उभे राहा, भाऊजी," मी म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. त्याला आजवर भाऊजी कोणी म्हटलं नव्हतं. त्याचं हसू जरा आखडलं.

"मांडीच्या खाली पाय चिरडलाय, रक्त वाहतंय. क्लोरोफॉर्म अजून निघालेलं नाही. चला, सुरू करा."

त्याने बाह्या सरसावल्या आणि सरळ चाकू उचलला. मला हेच हवं होतं. मोठ्या हॉस्पिटलात सर्जन हात धुऊन आत येतो तोवर पट्टा दुसऱ्या कोणी तरी आवळून ठेवलेला असतो. शिवाय याने कित्येक वर्षांत मीटिंगशिवाय काही केलं नव्हतं. त्याने कॅनव्हास चिरला आणि मी बुटाने फुगा दाबला, अगदी मनापासून. बिटाचं पाणी स्वेटरवर, हनुवटीवर, चष्म्यावर.

"अहो, पट्टा! आमच्याकडे हे सिस्टर करून ठेवतात," तो ओरडला.

"जहाजावर सिस्टर नाही, भाऊजी. पेशंट गेला." मी माझ्या बाजूने पट्टा ओढला, स्क्रू पिळला, धार थांबली. मग नळीला एका हाताने गाठ मारली. बोटं काहीच विसरली नव्हती. मी त्याच्याकडे बघून विचारलं, "एनी रीसेंट प्रॅक्टिस?"

त्याला बरोबर कळलं. आणखी कोणाला कळायची गरजही नव्हती.

"नापास. सहा महिने अभ्यास करून परत यावं," मी जाहीर केलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास." मी म्हटलं, हो. मागून लेक म्हणाली, "वेट, मॉम, यू वर अ रिअल सर्जन? लाइक, रिअल रिअल?" इतकी वर्षं तिला हे आम्ही सांगितलंच नव्हतं की काय, याचाच मला जास्त राग आला. घरी पोचेपर्यंत तिला एकेक ऑपरेशन सांगत राहिले.

मार्चमध्ये तो पॅनलवर नव्हता. कँडिडेट ओळखीची आहे असं सांगून बाजूला झाला म्हणे. पहिल्या वेळी ओळख नव्हती वाटतं! समोर तिघंही अनोळखी होते, वागायला सभ्य. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि मला नाही म्हणाले. मी चार दिवस रडले. आणि रडतानासुद्धा बिटाचं पाणी आठवून मला बरं वाटायचं. कुणाला हे हलकं वाटेल, तर वाटो.

गणपती आले. मी मोदक वाढत होते. लेकीचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर घरोघरी फिरला होता आणि पोरं मला डॉक्टर आंटी म्हणायला लागली होती. रांगेतून तो पुढे आला, नवा स्वेटर घालून. आवाज खाली आणून म्हणाला, "मी पॅनलवर असतो तर काहीतरी केलं असतं, वहिनी."

मी मोदक हातातच धरून ठेवला. "सहा महिने झाले, भाऊजी. परीक्षेला परत बसायचं होतं ना? पाय गाडीत आहे, घेऊन येऊ?"

मागची रांग हसायला लागली. त्याने ताट पुढे केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आज नको, डॉक्टर."

मी मोदक वाढला. वर तूपही घातलं. आणि पुढच्याला हाक मारली.