लाउचे गुलगुले आणि घाटात अडकलेली व्हॅन

एस्तानिस्लाउ हे त्याचं खरं नाव, पण ते बाप्तिस्म्याच्या दिवशी वापरलं तेवढंच. ग्वारापुआवा गावातल्या आमच्या गल्लीत सगळे त्याला लाउ म्हणतात. माझं पंक्चरचं दुकान त्याच्या घराला लागून आहे, मधे विटांची एक बुटकी भिंत. माझ्या मोठ्या मुलाचा तो धर्मपिता. त्यामुळे आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही, कोंपाद्रे म्हणतो. रक्ताचं नातं नसलं तरी ते त्याहून कमी नाही.

लाउनं उभा जन्म ट्रक चालवला. पश्चिमेकडचं सोयाबीन भरायचं, घाट उतरायचा, बंदरात माल ओतायचा आणि परत फिरायचं. घरी आला तरी तो घरी नसायचा. जेवताना टेबलाखाली त्याचा उजवा पाय हलत राहायचा, जणू तिथंही ॲक्सिलेटर होता. आमच्याकडे चिमारांवचा तुंबा हातात आला की माणसं सैल होतात, गरम गरम काढा नळीनं ओढत तासभर गप्पा हाणतात. लाउ उभ्या उभ्या ओढायचा, तुंबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि टायर बघायला जायचा.

"बस की रे जरा," मी म्हणायचो.

"महिनाभर बसूनच असतो, कोंपाद्रे. आता उभा राहू दे."

मग बंदराबाहेरच्या रांगेत त्याला पहिली आकडी आली. नशीब की ट्रक उभा होता. रांग पुढे सरकली, हा सरकेना, म्हणून मागचा ड्रायव्हर शिव्या द्यायला उतरला, तर लाउ स्टिअरिंगवर कोसळलेला आणि तोंडाला फेस. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोनदा तसंच झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि लायसन्स गेलं. ट्रक विकावा लागला. नवा मालक तो घेऊन गेला त्या सकाळी लाउ माझ्या दुकानात आला आणि एक टाकाऊ ट्यूब घासत बसला. मी ती ट्यूब त्याच्या हातून काढून घेतली नाही.

त्याची बायको इवोनेत ही तशी घरात राहणारी, पण नवरा कायम रस्त्यावर असल्यामुळे पोरीच्या शाळेपासून दवाखान्यापर्यंत सगळं तिनंच एका खटारा गाडीतून ओढलं होतं. ट्रक गेल्यावर तिनं मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि नगरपालिकेच्या व्हॅनवर नोकरी धरली. गावातले रुग्ण राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात न्यायचे, उपचार होईपर्यंत थांबायचं, संध्याकाळी परत आणायचं.

"तू? घाटातून?" लाउनं विचारलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो.

"का? घाट काय तुझ्या बापानं बांधलाय?"

असं करून सगळं उलटं झालं. ती पहाटे निघायची आणि तो मागे राहायचा. अंगण झाडायचा. झाडलेलं अंगण धुवायचा. फाटकापर्यंत जायचा, डावीकडे बघायचा, परत यायचा. मग माझ्याकडे यायचा आणि मी नुकताच घट्ट केलेला नट पुन्हा घट्ट करायचा. तिला फोन करायचा. आधी तिनं दोन-चारदा उचलला, मग दम दिला, "गाडी चालवताना पुन्हा फोन केलास तर तो मी नदीत टाकीन. तू कधी उचलायचास माझा?"

मग तो फोन खिशातच ठेवायचा.

एका दुपारी तो माझ्याकडे टायरवर टेकला होता. म्हणाला, "कोंपाद्रे, एक सांग. मी कधीही घरी आलो तरी टेबलावर गरम गुलगुले असायचे. दालचिनी-साखरेत घोळलेले, वाफाळते. तिला कसं कळायचं मी कधी येणार ते? चढावर गाडीचा आवाज ओळखायची का?"

मी हसलो. "कसला आवाज? तिला काही कळायचं नाही. तू आज येणार एवढंच ठाऊक असायचं. ती एक घाणा काढायची, तो गार व्हायचा, भिंतीवरून आमच्याकडे यायचा. मग दुसरा. तोही आमच्याकडे. माझी पोरं तुझ्या उशिरावर वाढली आहेत."

लाउनं हातातला पाना खाली ठेवला. मग उठून घरी गेला, नेहमीसारखा मधेच.

दुसऱ्या दिवशी इवोनेत आली तेव्हा स्वयंपाकघरात कढईत तेल तापलेलं आणि लाउ पिठानं माखलेल्या हातानं समोर उभा. तिनं आधी गॅस बंद केला, मग तोंड सुरू केलं.

"उकळत्या तेलापाशी तू उभा राहायचं नाहीस. आकडी काय चिठ्ठी पाठवून येते?"

"तुझ्यासाठीच करत होतो."

"माझ्यासाठी भाजून घेणार होतास?"

भांडण पोंता ग्रोसात राहणाऱ्या त्यांच्या मुलीपर्यंत, रोसेक्लेरपर्यंत पोचलं. त्या रविवारी ती एक खोकं घेऊन आली. आत काळं, गोल, चकचकीत यंत्र.

"हे काय, हेल्मेट?" लाउ म्हणाला.

"एअर फ्रायर आहे, पप्पा. तेल नाही, जाळ नाही. आत नुसता गरम वारा फिरतो. तुम्हाला काही झालं तरी ते आपोआप बंद होतं."

"वाऱ्यावर गुलगुले तळायचे?"

"अख्खा देश तळतोय. तुम्हीही तळा."

इवोनेत करायची तसं सैल पीठ त्यानं चमच्यानं त्या जाळीदार टोपलीत सोडलं. ते भोकांतून खाली गेलं आणि तळाशी करपलं. धूर माझ्या दुकानापर्यंत आला. पुढच्या वेळी त्यानं पीठ इतकं घट्ट मळलं की गल्लीतल्या कुत्र्यानं एक गुलगुला तोंडात धरला, विचार केला आणि आमच्या गुलाबाखाली पुरून ठेवला. मग त्यानं टोपलीत कागद घातला आणि यंत्र रिकामंच तापायला लावलं. आतल्या वाऱ्यानं कागद उडाला, वरच्या तारेला चिकटला आणि पेटला. लाउनं ते यंत्र अंगणात आणून ठेवलं आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, बिघडलेल्या ट्रकभोवती मारतात तशा.

पण माणूस चिकाटीचा. कणीक मऊ पण हातात गोळा धरणारी हवी, हे त्याला कळलं. अंडं, साखर, थोडं दूध, थोडं आटवलेलं गोड दूध, पिठात चिमूटभर मीठ नि फुगायची पावडर. गोळ्यांना वरून लोणी चोपडायचं. कागदावर आधी गोळे ठेवायचे, मगच टोपली आत सरकवायची. आणि दाटी करायची नाही.

"जादा माल भरला की चढावर दम लागतो," तो मला म्हणाला. "ह्याचंही तेच."

तळल्याची कुरकुरीत कड त्याला येत नसे. आतून मात्र ते पावासारखे मऊ होत. बाहेर काढल्या काढल्या पुन्हा लोणी, आणि दालचिनी-साखर. इवोनेतनं पहिला खाल्ला आणि म्हणाली, "हे गुलगुले नाहीत. पण काय आहेत ते वाईट नाही." दुसरा तिनं न विचारता घेतला.

तेव्हापासून तो तिच्या येण्याच्या सुमाराला यंत्र लावायचा. ती उशिरा आली की गार झालेली ताटली भिंतीवरून आमच्याकडे. माझी पोरं आता मोठी झाली, म्हणून मीच खायचो. डॉक्टरनं मला साखर बंद सांगितली आहे, हे मी लाउला कधी सांगितलं नाही.

जुलैतला एक शुक्रवार, आमच्याकडे तेव्हा ऐन हिवाळा. सकाळी हिव पडलं होतं, दुपारी धुकं उतरलं, आणि चारच्या सुमाराला पंक्चर काढायला आलेला एक ड्रायव्हर म्हणाला की एस्पेरांसा घाटात लाकडं वाहणारा ट्रक उलटलाय, मागे तीन-चार गाड्या आदळल्यात, रस्ता बंद आहे. कुठल्या गाड्या? ते त्याला ठाऊक नव्हतं. धुक्यात काही दिसत नाही म्हणाला.

लाउ तिथंच उभा होता. त्यानं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. घाटात फोन लागत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत, तरी तो लावत राहिला. मग घरात गेला आणि थोड्या वेळानं दालचिनीचा वास आला.

बातमी गावात पसरली. व्हॅनमधल्या रुग्णांची माणसं एकेक करून लाउच्या फाटकाशी येऊ लागली. ड्रायव्हरच्या घरी आधी कळेल असं प्रत्येकाला वाटलं असावं. एक तरुण आई, तिच्या कडेवर मूल. दोन भाऊ, शेतावरच्या चिखलानं भरलेले बूट घालून. आणि जुरासीबाई, म्हणजे आमच्या भाषेत दोना जुरासी, ज्यांचा नवरा अदेमार त्या दिवशी किमोथेरपीला गेला होता. लाउनं सगळ्यांना ओसरीत घेतलं, खुर्च्या दिल्या, पुरल्या नाहीत तेव्हा माझ्याकडचे टायर आणले. आतून ताटली आणली. एका खेपेला बाहेर पडायचे जेमतेम आठ गुलगुले. तो ते वाटायचा, आत जायचा, पुढचे लावायचा, बाहेर यायचा, फाटकापर्यंत जायचा, परत आत. यंत्राची घंटी वाजली की सगळे दचकायचे, फोन वाजला असं वाटून.

"लाउ, तुम्ही बसा हो," दोना जुरासी म्हणाल्या. "तुम्हाला बघून माझं रक्त वर चढतंय."

"बसतो, बसतो," म्हणत तो पुन्हा निघाला.

अंधार पडायला लागला. एका फेरीत तो फाटकावरून परत आलाच नाही. मला माझ्या पिकअपचा आवाज आला. किल्ली दुकानातल्या खिळ्याला असते, ती त्यानं काढली होती. मी धावलो. तो स्टिअरिंगमागे बसला होता, इंजिन चालू, दिवे लागलेले.

"उतर, कोंपाद्रे."

"घाट मला पाठ आहे. जुन्या रस्त्यानं बाजूनं जाता येतं."

"उतर म्हणतो ना."

"दहा महिने झाले, एकदाही आकडी आली नाही." त्याचा पाय ॲक्सिलेटरवरच होता. "मी इथं बसून मरू का?"

मी दार धरून ठेवलं होतं, पण त्याला ओढून काढायचं बळ माझ्यात नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. दोना जुरासी आत चढल्या, शाल सावरली, पट्टा लावला.

"चला," त्या म्हणाल्या.

लाउनं त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही कुठं?"

"माझाही माणूस आहे त्या गाडीत. चला की, थांबलात का?"

"तुम्हाला घेऊन नाही जाता येणार, दोना जुरासी. मला मधेच काही झालं तर?"

"मग तुम्हाला एकट्याला होऊन चालेल? इवोनेत घाटातून सुखरूप यायची आणि वाटेत तिला तुम्ही खड्ड्यात सापडायचे?"

इंजिन चालूच होतं. ओसरीतली माणसं उठून बघत होती. मूल रडायला लागलं. शेवटी लाउनं किल्ली फिरवली, काढली आणि माझ्या हातात न देता दोना जुरासींच्या हातात दिली.

"मी पुन्हा मागितली तरी देऊ नका," तो म्हणाला. मग त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि रडला. दोना जुरासी खिडकीबाहेर बघत बसून राहिल्या, त्याचं होईपर्यंत.

व्हॅन आली ती रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर. एक आरसा तुटलेला, बाकी सगळं धड. अपघात त्यांच्या पुढेच झाला होता. इवोनेतनं गाडी कडेला दाबून धरली होती आणि रस्ता मोकळा होईपर्यंत हीटर चालू ठेवून, सगळ्यांना एकमेकांना चिकटून बसवून, रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली होती. अदेमार उतरला तो पांढराफटक होता. बायकोला म्हणाला, "तिसऱ्यांदा म्हणायला लावली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं."

सगळे गेले. इवोनेत स्वयंपाकघरात आली, कोट न काढता बसली. टेबलावर गुलगुले होते.

"गार झालेत," लाउ म्हणाला. "थांब, दुसरे लावतो."

"नको. दे तसेच." तिनं तीन-चार खाल्ले. "तू गाडीत बसला होतास म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"पाच जणांनी. फाटकातच."

त्या रात्री ते भांडले का, मला ठाऊक नाही. भिंतीपलीकडे दिवा मात्र उशिरापर्यंत होता. पुढच्या शुक्रवारी पहाटे इवोनेतनं व्हॅनचं दार उघडून त्याला सांगितलं, "चल. इथं फाटक झिजवण्यापेक्षा तिथं ये." तो पुढे तिच्या शेजारी बसला. ब्रेक आता मार, गिअर बदल, त्याला आधी जाऊ दे, असं करत घाट येईपर्यंत त्यानं तिला इतकं पिडलं की पेट्रोल पंपावर गाडी थांबवून तिनं त्याला मागे रुग्णांमध्ये पाठवलं. आता दर शुक्रवारी तो मागेच असतो. औषधाच्या पिशव्या धरतो, उलट्या येणाऱ्याला डबा देतो, इस्पितळातल्या मजल्यांवर वर-खाली करून कुणाचं संपलं आणि कुणाचं राहिलं ते इवोनेतला येऊन सांगतो. बाकीचे दिवस घरीच, आणि तेव्हा अंगण अजून दोनदा धुतलं जातं.

परवा तुंबा त्याच्या हातात दिला तेव्हा मी विचारलं, "मागच्या सीटवर कसं वाटतं?"

"वाईट," तो म्हणाला. "रस्ता दिसत नाही. पण अदेमार मला खिडकी देतो."