चाकाच्या फळीवर फरशीवाले मामा

आमच्या मामांनी आयुष्यभर मागे सरकत पोट भरलं. फरशी बसवणारा माणूस आतल्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि सरकत सरकत दारातून बाहेर पडतो, नाहीतर स्वतःच्याच ओल्या कामात अडकून बसतो. अशी चाळीस वर्षं त्यांनी गुडघ्यांवर काढली. त्यांना सगळे फरशीवालेच म्हणतात. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे माझी आईसुद्धा.

मी त्यांच्याकडे राहते, कारण माझं दुकान तिथून जवळ आहे. माझं म्हणजे मालकाचं; मी तिथे टीव्हीला जोडायचे बिघडलेले गेमचे डबे उघडून दुरुस्त करते. मामी कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. मी तापट आहे असं ती म्हणते, पण ती स्वतः काही थंड डोक्याची नाही.

चार महिन्यांपूर्वी मामा खालच्या जिन्यात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता जिना चढायला-उतरायला हरकत नाही. घरात मामा छान फिरायचे, पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि दाराबाहेर त्यांचं पाऊल पडेना. उंबऱ्यापर्यंत यायचे, कठड्याला हात लावायचे, मग म्हणायचे, "आज पाय जड वाटतोय. उद्या बघू." मी चिडायचे. ते शांतपणे म्हणायचे, "अगं, गुडघ्याने एकदा दगा दिला. आता त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?"

शेवटी मामीने निक्षून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत खाली उतरला नाहीत, तर आपण हे घर सोडायचं. मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात. जन्मभर खिडकीत बसून राहणार आहात का?"

मामांचा चेहराच उतरला. कारण या घरातली जमीन त्यांनी कामावरून उरलेल्या तुकड्यांची केलेली आहे. एक फरशी दुसरीसारखी नाही. ही दवाखान्याची, ही शाळेच्या पायरीची, ही त्या चिक्कू वकिलाची. त्यांची सगळी कमाई म्हणजे ती जमीन. ती सोडणं जिवावर आलं होतं आणि जिना उतरण्याचं धाडस होत नव्हतं. मला त्यांचा रागही यायचा आणि रडूही यायचं.

त्याच आठवड्यात मी दुकानातून एक जुना गेमचा डबा घरी आणला. दुरुस्त झाला होता, पण दोन-तीन तास चालवून बघायचा होता. सोबत एकच गेम होता, स्केटबोर्डचा. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी तो टीव्हीला जोडला, मामांच्या हातात रिमोट दिला आणि म्हटलं, "फिरवा जरा. मी आडवी होते."

खरं तर त्या गेममध्ये उड्या मारायच्या, कठड्यांवरून घसरायचं आणि गुण मिळवायचे. मामांनी यातलं काहीएक केलं नाही. ते त्या गावात नुसते फिरले. गाव रिकामं होतं. कायम कलतं ऊन, लांब सावल्या, कोरडा पडलेला पोहण्याचा हौद, शाळेचे मोकळे व्हरांडे, एक कारंजं. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. त्यांचा छोटा माणूस चाकाच्या फळीवर उभा राहून संथ घरंगळत होता, आणि गुणांचा आकडा शून्यावर निवांत झोपला होता.

मी डोळे मिटून पडले होते. चाकांचा आवाज बदलत होता. घरघर, मग मऊ गुरगुर, मग टक-टक-टक. मामाही डोळे मिटून ऐकत असावेत.

"हे लाकूड," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हे सिमेंट, पण पाणी नीट मारलेलं नाही." मग टक-टक सुरू झालं तसे हसले. "आणि ही आपली फरशी. सांधे जरा रुंद ठेवलेत लेकाच्यांनी."

त्या आवाजात मला झोप लागली. स्वप्नात बघितलं तर मामा तिथल्या व्हरांड्यातून अनवाणी जातायत, पायाखाली काहीच नाही, आणि मी मागून ओरडतेय, मामा, सावकाश! जागी झाले तेव्हा खोलीभर तेच कलतं ऊन पसरलं होतं, टीव्हीतलं की खिडकीतलं ते पटकन कळेना. मामा स्वतःशीच बोलत होते. त्यांचा माणूस धडपडला होता आणि लगेच उठून उभा राहिला होता. "याला बरं जमतं," ते हळूच म्हणाले.

मग रोजची दुपार तशीच जाऊ लागली. चौथ्या दिवशी त्यांना त्या गेममधली 'आपलं मैदान बनवा' ही सोय सापडली. पायऱ्या, कठडे, उतार हवे तसे मांडायचे, उंची बटण दाबून थोडी-थोडी वाढवायची. मामा त्यावर तुटून पडले. मला वाटलं काहीतरी बाग-बिग करतील. संध्याकाळी बघते तो काय, आमचाच जिना! वळण, वळणावरची खिडकी, भिंतीला टेकलेला कठडा. फक्त पायऱ्यांची उंची राहिली होती.

"जरा मोजून ये," त्यांनी टेप पुढे केला.

मी दाराबाहेरची पहिली पायरी मोजली आणि परत आले. "घ्या. सगळ्या सारख्याच आहेत."

"एक मोजून सगळ्यांचं सांगतेस?"

"मामा, गेम आहे हा!"

"आणि टेप तिरका धरलास. इथून दिसलं मला." ते कोचावरून उठले. "दुसऱ्याच्या मापावर मी आजवर एक फरशी कापलेली नाही. आण तो टेप."

आणि ते बाहेर गेले. उंबरा ओलांडला, कठडा धरला, पहिल्या पायरीवर बसले, टेप लावला. "लिही." मी वहीत लिहिलं. बसल्या बसल्याच खाली सरकले, दुसऱ्या पायरीला टेप लावला. "लिही." मी त्यांच्या मागोमाग एकेक पायरी उतरत होते. श्वाससुद्धा बेताने घेत होते. भराभर लिहिताना आकडे वाकडेतिकडे येत होते. तिसरा मजला सुटला, दुसरा सुटला. वळणावरच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. मामा पुटपुटत सरकत होते. आपण कुठे आलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. सगळ्या पायऱ्या एकाच मापाच्या निघत होत्या.

सगळ्यात खालच्या जिन्यात, शेवटून चौथ्या पायरीवर ते थांबले. टेप परत लावला. वरच्या पायरीवर लावला, खालच्या पायरीवर लावला. मग तळहात फरशीवर ठेवून नुसते बसून राहिले.

"काय झालं मामा?"

"ही बाकीच्यांपेक्षा अंगठ्याच्या जाडीएवढी उंच आहे." त्यांनी पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "वरून येताना ही लवकर लागते, आणि हिच्या खालची उशिरा. मी इथेच पडलो होतो."

मी वाकून बघितलं. कडेला दोन फरशा एकावर एक दिसत होत्या.

"ही मीच बसवली," मामा म्हणाले. "पडण्याआधी पंधरा दिवस. जुनीला तडा गेला होता, लोक ओरडत होते. माझे गुडघे दुखत होते, म्हणून जुनी उखडली नाही, तिच्यावरच नवी चिकटवली. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणि चार महिने मी गुडघ्याला शिव्या देतोय गं."

मला वाटलं आता ते खचणार. पण ते हसायला लागले. आधी हळू, मग पार खांदे हलेपर्यंत.

तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि मामी कामावरून आली. हातात पिशवी, चेहरा दमलेला. जिन्यात बसलेल्या नवऱ्याला बघून ती जागच्या जागी थबकली. मामांनी तिला पायरी दाखवली, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी मनात म्हटलं, आता मामा बोलणी खाणार.

मामीने वाकून ती पायरी बघितली. मग पिशवी टेकवून त्यांच्या शेजारी बसली.

"मी इथे तीनदा ठेचकाळले," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाही. म्हटलं, आता आपलंही वय झालं. म्हणून तर तळमजला बघितला."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगितलंत?"

मग मामांनी कठडा धरला आणि उठून उभे राहिले. "पोरी, वरून छिन्नी-हातोडा आण," ते मला म्हणाले. "आणि तुम्ही दोघी जरा वरच्या पायरीवर सरका. मला जागा लागेल."