मंगळवारच्या लिलावाचा फळा

पंचवटीच्या भाजीबाजारात कुसाबाई बच्छाव यांनी बत्तीस वर्षं बोली लावली. नवरा गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. माहेर कळवणचं, शिक्षण सातवी. पुरुष व्यापाऱ्यांच्या घोळक्यात त्यांनी कोथिंबिरीला पहिली बोली लावली, तेव्हा कुणीतरी फिदीफिदी हसलं. "हसा, पण भाव वाढवून हसा," असं म्हणून त्यांनी सगळा ढीग उचलला. पुढं स्वतःचा टेंपो झाला. मुलगा दीपक धंदा बघू लागला आणि बाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे आपल्या नावालाच.

सून वेदिका बँकेत नोकरीला. एकदा चहा पिताना ती सहज म्हणाली, "आई, लिलाव काय कोथिंबिरीचाच होतो? राज्य सरकारचाही होतो, रिझर्व्ह बँकेमार्फत. बहुतेक मंगळवारी."

"सरकार काय विकतं?"

"कर्जरोखे. आज पैसे द्या, ठरल्या वर्षी परत करू, तोवर व्याज देऊ, असं लिहून देतं. बँका, विमा कंपन्या बोली लावतात. जो कमी व्याजावर द्यायला तयार, त्याचे पैसे आधी घेतात."

कुसाबाईंनी बशी खाली ठेवली. "दर मंगळवारी हात पसरतं? मग व्याज चढणारच की! रोज गाडी भरून आणणाऱ्याची नड व्यापाऱ्याला लांबून दिसते. मी काय कमी भाव पाडलेत? आणि फेडायचं कधी?"

"काही दहा वर्षांनी, काही वीस-पंचवीस."

"तवर मी नसेन. तुमची पोरं फेडतील. त्यांना विचारलं कुणी?"

वेदिकानं मोबाईलवर मागच्या मंगळवारचे आकडे काढून दाखवले.

चौकात मंडळाचा फळा होता. सुविचार आणि दशक्रियेच्या सूचना त्यावर लिहीत. पुढच्या मंगळवारी कुसाबाईंनी सुनेकडून रिझर्व्ह बँकेचं जाहीर झालेलं पत्रक वाचून घेतलं आणि फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: राज्यानं आज किती कर्ज उचललं, किती वर्षांसाठी, किती टक्क्यांनी. खाली ठळक अक्षरात, 'कशासाठी? विचारा.'

दुचाकीवाले थांबून वाचू लागले. फुलं विकणारी भागीबाई दर आठवड्याला विचारायची, "ताई, मागच्यापेक्षा वाढलं का वो?"

पाचव्या आठवड्यात मंडळाचा अध्यक्ष सनी आला. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. "मावशी, हा फळा सुविचाराचा आहे. इथं राजकारण नको."

"मी कुणाचं नाव लिहिलं? सरकार कुणाचंबी येऊ दे, मंगळवार चुकत नाय."

"रस्ते, पूल फुकट होतात का? कर्ज सगळेच काढतात."

"मीबी काढलं होतं, टेंपोसाठी. टेंपोनं स्वतःचे हप्ते स्वतः फेडले. पुलासाठी काढा, मी हात जोडते. पण जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढत असाल, तर मला सांगून काढा. फेडणारी मी हाय."

"तुम्ही कुठं फेडता?"

"साबण घेते ना? त्याच्यावर कर कोण भरतं, तुझा मामा?"

बघे हसले. सनीनं फळा पुसला. पुढच्या मंगळवारी फळाच जागेवर नव्हता.

दीपक वैतागला. "आई, त्याच्याशी कशाला वाकडं? आपला टेंपो त्याच्याच चौकात उभा असतो."

 स्वतःसाठी कुसाबाई कधी भ्यायल्या नव्हत्या. पोराच्या पोटावर पाय आला तर? मग म्हणाल्या, "उद्यापासून टेंपो मार्केटच्या आवारात लाव. भाडं मी देते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा आणला आणि घराखालच्या आपल्याच गाळ्याचं शटर काळं रंगवलं. मंगळवारी त्यावर हातभर अक्षरात आकडे चढले. सनी दोन पोरं घेऊन आला.

"शटर माझं, खडू माझा," कुसाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "लाव हात."

भागीबाई फुलांची पाटी खाली ठेवून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग गल्लीतल्या आणखी चार बाया. सनी मोबाईल कानाला लावून चालता झाला.

मग कुसाबाईंनी आमदारांना पत्र धाडलं, एक्केचाळीस सह्यांचं. नव्या कर्जातलं किती जुन्याच्या व्याजाला जातं, टिकाऊ कामाला किती, आणि याचा हिशोब आम्हाला कोण सांगणार? दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'आपले पत्र प्राप्त झाले.'

"झालं समाधान?" दीपक म्हणाला.

"झालं ना." कुसाबाईंनी ती ओळ तारखेसकट शटरवर उतरवली आणि खाली लिहिलं, 'उत्तर बाकी. दुसऱ्या पत्रावर सही करायची असेल तर वर या.'

त्या आठवड्यात जिना मोकळा राहिला नाही. शनिवारी एक म्हातारी कठड्याला धरत वर आली. सनीची आई, वत्सलाबाई. तिनं पेन मागितलं.

"घरी कळलं तर?" वेदिकानं विचारलं.

"कळू दे की!" म्हणत वत्सलाबाईंनी पूर्ण नाव लिहिलं, पत्त्यासकट.